परदेशात रात्रीच्या शयनयान गाडीने गटाने प्रवास करताना

परदेशात एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यासाठी रात्रीची गाडी निवडण्यामागे बहुतेक गटांचा हिशेब एकच असतो. हॉटेलच्या एका रात्रीचे भाडे वाचते आणि दिवसाचे सात-आठ तास प्रवासात खर्ची पडत नाहीत. हिशेब खोटा नाही. मात्र एकट्या प्रवाशाला किंवा जोडप्याला तो जितका सहज जमतो तितका आठ-दहा जणांच्या गटाला जमत नाही. एकट्याला स्वतःचे तिकीट, स्वतःचा बर्थ आणि उतरण्याचे स्थानक एवढेच लक्षात ठेवावे लागते. गटात मात्र कोण कोणाबरोबर झोपणार, कोणाचा पासपोर्ट कोणाच्या पिशवीत आहे, शिडी चढणे कोणाला झेपणार नाही आणि पहाटे कोण कोणाला उठवणार असे अनेक प्रश्न असतात, आणि ते गाडी सुटल्यानंतर, जेमतेम एक माणूस जाईल एवढ्या रुंदीच्या मार्गिकेत उभे राहून सोडवावे लागले की पहिले दोन तास त्यातच जातात. म्हणून येथे गाडीतल्या रात्रीपेक्षा तिच्या आधीच्या तयारीला अधिक जागा दिली आहे.

डब्याचा प्रकार आणि गटाची विभागणी

शयनयान हा शब्द देशोदेशी वेगवेगळ्या सोयींना लावला जातो, त्यामुळे तिकीट घेण्याआधी त्या विशिष्ट गाडीतील डब्यांची रचना पाहून घ्यावी. जर्मन रेल्वेने २०१६ च्या डिसेंबरात स्वतःच्या शयनयान गाड्या बंद केल्या, तेव्हा त्यांतील काही मार्ग ऑस्ट्रियाच्या रेल्वेने ‘नाइटजेट’ या नावाखाली चालवायला घेतले आणि आज मध्य युरोपात रात्रीचा प्रवास म्हटले की बहुधा याच गाड्या समोर येतात. त्यांत तीन वर्ग असतात : साधी आसने, चार किंवा सहा बर्थांचे कुशेट म्हणजे झोपण्याचे साधे कंपार्टमेंट आणि एक ते तीन जणांसाठी असलेली शयनकंपार्टमेंट. कुशेटमध्ये उशी, चादर आणि ब्लँकेट मिळते, पण तोंड धुण्यासाठी डब्याच्या टोकाला जावे लागते. शयनकंपार्टमेंटमध्ये स्वतंत्र वॉशबेसिन असते आणि काहींत शॉवरही असतो. डिसेंबर २०२३ पासून धावू लागलेल्या नव्या नाइटजेट डब्यांत एका माणसापुरते, दार लावून घेता येणारे छोटे कक्षही आहेत. ज्यांची झोप सावध आहे त्यांच्यासाठी ते उत्तम, पण गटाने एकत्र बसून गप्पा मारण्याची अपेक्षा तेथे ठेवू नये.

आशियातील गाड्यांत वर्गांची नावे फसवी असतात. चीनमध्ये ‘कठीण शय्या’ आणि ‘मऊ शय्या’ असे दोन वर्ग सर्वत्र आढळतात, परंतु खरा फरक गादीपेक्षा बर्थांच्या संख्येत आणि दारात आहे. कठीण शय्येत एका खणात तीन मजली सहा बर्थ असतात आणि मार्गिकेच्या बाजूला दार नसते. मऊ शय्येत चार बर्थ आणि बंद होणारे दार असते. व्हिएतनामच्या गाड्यांतही सहा आणि चार बर्थांची अशीच विभागणी आहे. थायलंडच्या दुसऱ्या वर्गात तर कंपार्टमेंटच नसते. समोरासमोरची आसने रात्री ओढून खालचा बर्थ तयार होतो, वरचा बर्थ भिंतीतून खाली उतरवला जातो आणि प्रत्येकापुढे पडदा असतो. तेथे खालचा बर्थ वरच्यापेक्षा रुंद असतो आणि त्याचे भाडेही थोडे अधिक असते. जपानमध्ये तोक्योहून सुटणाऱ्या ‘सनराइज’ गाडीत एक-दोघांच्या खोल्यांबरोबर गालिचा घातलेल्या, दोन मजली मोकळ्या झोपण्याच्या जागाही आहेत आणि शेजारी-शेजारी जागा मिळाल्यास लहान गटाला त्या सोयीच्या पडतात.

वर्ग कळला की गटाची विभागणी करावी, आणि येथे एक नियम मी कधीच मोडत नाही : एकाही माणसाला एकटे पाडायचे नाही. सात जणांचा गट असेल तर सहा बर्थांचे एक कंपार्टमेंट आणि उरलेला एक जण अनोळखी लोकांत, अशी व्यवस्था कागदावर स्वस्त दिसते; प्रत्यक्षात तो सातवा माणूस रात्रभर अस्वस्थ राहतो आणि पहाटे त्याला शोधणे हे इतरांचे काम होऊन बसते. त्याऐवजी चार बर्थांची दोन कंपार्टमेंट घ्यावीत आणि चार व तीन अशी माणसे बसवावीत. मात्र उरलेला आठवा बर्थ रेल्वे दुसऱ्या कोणाला विकू शकते हे ध्यानात ठेवून, शक्य असल्यास पूर्ण कंपार्टमेंट खासगी म्हणून घेण्याच्या पर्यायाची चौकशी करावी. युरोपातील अनेक गाड्यांत तो उपलब्ध असतो आणि माणशी भाग काढला की फरक वाटतो तेवढा मोठा निघत नाही.

सहा प्रौढ माणसे आणि सहा मोठ्या बॅगा एका सहा बर्थांच्या कुशेटमध्ये मावतात, असे तिकीट सांगते. मावतात हे खरे, पण मधले बर्थ उघडल्यानंतर खालच्या बर्थवर ताठ बसता येत नाही, त्यामुळे एकाला झोपायचे असले की सगळ्यांनाच आडवे व्हावे लागते. गटात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील, तर सहाऐवजी चार बर्थांचे कंपार्टमेंट घेण्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त स्त्रियांसाठी राखीव कंपार्टमेंट काही रेल्वे देतात. नाइटजेटच्या कुशेटमध्ये ती सोय आहे आणि आरक्षण करतानाच तो पर्याय निवडावा लागतो.

आरक्षण

आरक्षण किती आधी उघडते हे प्रत्येक रेल्वेचे वेगळे असते आणि गटाचे वेळापत्रक त्यावरच बेतावे लागते. जपानमध्ये प्रवासाच्या तारखेच्या बरोबर एक महिना आधी सकाळी दहा वाजता आरक्षण उघडते आणि ‘सनराइज’मधील जागा लवकर संपतात. चीनमध्ये तिकिटे साधारण पंधरा दिवस आधी मिळू लागतात. याउलट युरोपातील रात्रगाड्यांची तिकिटे कित्येक महिने आधी विक्रीला येतात आणि स्वस्त दरातील जागा प्रथम जातात. म्हणजे एकाच सहलीत दोन देशांच्या रात्रगाड्या असतील, तर त्यांची तिकिटे एका बैठकीत काढून मोकळे होता येईलच असे नाही. ज्या गाडीचे आरक्षण उशिरा उघडते तिच्या पुढच्या मुक्कामाचे हॉटेल रद्द करता येईल असेच घ्यावे.

तिकिटांसाठी सर्वांची नावे पासपोर्टवर आहेत तशी, त्याच क्रमाने आणि त्याच अक्षरांत एका तक्त्यात लिहून घ्यावीत. चीनमध्ये तिकीट पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेले असते आणि स्थानकात प्रवेश करतानाच पासपोर्ट तपासला जातो. तेथे आडनावाच्या जागी नाव पडले तरी अडचण येऊ शकते. सर्व गटाचे एकच तिकीट काढावे की वेगवेगळी, यावर मतभेद असतात. माझा अनुभव असा की प्रत्येक कंपार्टमेंटचे एक स्वतंत्र आरक्षण करणे सर्वांत सोयीचे. एखाद्याचे येणे रद्द झाले तर संपूर्ण गटाच्या तिकिटाला हात लावावा लागत नाही, आणि प्रत्येक कंपार्टमेंटमधील एका माणसाकडे त्यांचे तिकीट असल्याने अटेंडंट आला की कोणाला उठवून आणावे लागत नाही. फक्त दोन आरक्षणे लागोपाठ, एकाच डब्यात आणि शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये पडतील, याची खात्री जागांचा नकाशा पाहून करावी. नकाशा दिसत नसेल तर रेल्वेच्या तिकीट खिडकीवर किंवा फोनवर गट म्हणून तिकीट काढणे बरे.

तारखेची चूक ही या प्रकारच्या प्रवासातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग चूक आहे. गाडी मध्यरात्रीनंतर सुटत असेल तर तिकिटावरची तारीख दुसऱ्या दिवसाची असते. तोक्योकडे जाणारी ‘सनराइज’ ओसाकाला रात्री साडेबारानंतर येते. पाच तारखेच्या रात्री तेथून निघायचे असेल तर तिकीट सहा तारखेचे हवे. गटातील प्रत्येकाला संदेश पाठवताना केवळ तारीख न लिहिता ‘शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर स्थानकावर, गाडी शनिवारी पहाटे बारा पस्तीसला’ असे पूर्ण वाक्य लिहावे. युरोपात युरेल किंवा इंटररेल हे अनेक देशांच्या गाड्यांत चालणारे पास वापरणाऱ्यांसाठी एक सोय आहे : रात्रीच्या गाडीसाठी निघण्याचा दिवस तेवढा मोजला जातो आणि मध्यरात्रीनंतर दुसरी गाडी पकडली नाही तर पोहोचण्याचा दिवस खर्च होत नाही. मात्र पास म्हणजे बर्थ नव्हे. बर्थचे आरक्षण करून त्याचे शुल्क वेगळे भरावेच लागते आणि पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा मर्यादित असतात.

स्थानकांची आणि शहरांची नावे

एका मोठ्या शहरात अनेक स्थानके असणे ही नवी गोष्ट नाही, पण रात्रीच्या गाड्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध स्थानकावरून सुटत नाहीत. पॅरिसहून नीस, तुलूझ किंवा ब्रियाँसोंला जाणाऱ्या रात्रगाड्या ऑस्टर्लिट्झ स्थानकावरून निघतात. इस्तंबूलहून सोफियाला जाणारी गाडी शहराच्या पश्चिम टोकाला असलेल्या हाल्कालीहून सुटते. बँकॉकच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून हुआ लाम्फोंगऐवजी क्रुंग थेप आफिवात या नव्या स्थानकावरून सुटू लागल्या आहेत, त्यामुळे जुनी प्रवासवर्णने वाचून निघालेला गट आजही चुकीच्या ठिकाणी जाऊन पोहोचू शकतो. उतरतानाही हाच घोळ होतो. व्हेनिसला जाणाऱ्याने आधीच्या मेस्त्रे स्थानकावर उतरू नये, कारण ते मुख्य भूमीवर आहे. बेटावरचे स्थानक सांता लुचिया.

याशिवाय फलाटावरील पाट्यांवर शहरांची नावे त्या देशाच्या भाषेत असतात. व्हिएन्ना ‘वीन’ होते, प्राग ‘प्राहा’, व्हेनिस ‘वेनेत्सिया’ आणि फ्लॉरेन्स ‘फिरेन्झे’. गटातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये उतरण्याच्या स्थानकाचे नाव स्थानिक लिपीत, त्याच्या आधीच्या थांब्याचे नाव आणि पोहोचण्याची वेळ यांचे एक छायाचित्र असावे. एका माणसाच्या डोक्यात ही माहिती असून चालत नाही. तोच नेमका झोपलेला असतो.

गाडीचे तुकडे होतात

शयनयान गाडीविषयी फारसे न सांगितले जाणारे, पण गटासाठी सर्वांत महत्त्वाचे सत्य हे की संध्याकाळी एक दिसणारी गाडी सकाळी एक असतेच असे नाही. रात्री कोणत्या तरी जंक्शनवर डबे सुटे होतात, दुसऱ्या गाडीला जोडले जातात आणि प्रत्येक तुकडा आपापल्या गावाला जातो. लंडनच्या यूस्टन स्थानकावरून निघणारी कॅलेडोनियन स्लीपरची हायलँड गाडी सोळा डब्यांची असते आणि एडिंबरोला तिचे अ‍ॅबर्डीन, इन्व्हर्नेस आणि फोर्ट विल्यम असे तीन भाग होतात. ‘सनराइज’चे दोन भाग ओकायामाला वेगळे होऊन एक ताकामात्सूला आणि दुसरा इझुमोशीला जातो. इटलीतून सिसिलीला जाणारी रात्रीची गाडी मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी तुकड्यातुकड्यांनी जहाजावर चढवली जाते आणि पलीकडे उतरल्यावर तिचे काही डबे पालेर्मोकडे, काही सिराकुझाकडे जातात.

आमच्या नऊ जणांच्या गटात एकदा असे झाले की घोरण्याला कंटाळलेले दोघे मार्गिकेतून चालत पुढच्या डब्यात गेले. तेथे त्यांना एक रिकामे कंपार्टमेंट दिसले आणि ते तेथेच आडवे झाले. रात्री दोनच्या सुमारास तिकीट तपासनिसाने त्यांना उठवले तेव्हा कळले की तो डबा अर्ध्या तासाने दुसऱ्या गाडीला जोडला जाऊन वेगळ्याच देशात जाणार होता. पासपोर्ट त्यांच्या मूळ कंपार्टमेंटमध्ये, सामान तेथेच, मोबाइलही चार्जिंगला लावलेले. दोष पूर्णपणे आमचा होता, कारण डब्याच्या दाराशेजारच्या पाटीवर तो कोठे जाणार हे लिहिलेले असते आणि ती आमच्यापैकी कोणीही वाचली नव्हती. तेव्हापासून गाडीत शिरताच पहिले काम म्हणून मी सर्वांना आपल्या डब्याची पाटी दाखवतो आणि मध्यरात्रीनंतर पासपोर्ट व मोबाइल अंगावर असल्याशिवाय डबा सोडायचा नाही, एवढेच सांगतो.

सीमा आणि कागदपत्रे

शेंगेन या अनेक युरोपीय देशांच्या सामाईक प्रवासक्षेत्रात देशांच्या सीमांवर नित्याची पासपोर्ट तपासणी होत नाही, त्यामुळे बहुतेक रात्रगाड्यांत झोपमोड होत नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी या क्षेत्रात आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आले. रुमानिया आणि बल्गेरिया यांच्या भूसीमांवरील तपासणी १ जानेवारी २०२५ पासून उठली. असे असले तरी पोलीस मध्येच गाडीत चढून कागदपत्रे पाहू शकतात, म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवू नये. काही गाड्यांत अटेंडंट संध्याकाळी तिकिटे आणि क्वचित पासपोर्टही स्वतःकडे ठेवून घेतो, जेणेकरून रात्री प्रवाशांना उठवावे लागू नये. ही जुनी पद्धत आहे, घाबरण्याचे कारण नाही. मात्र किती पासपोर्ट दिले हे मोजून द्यावेत आणि सकाळी मोजून घ्यावेत.

शेंगेनच्या बाहेरची सीमा मात्र वेगळीच असते. इस्तंबूल–सोफिया मार्गावर तुर्कीच्या कापिकुले येथे ऐन रात्री सर्व प्रवाशांना गाडीतून उतरून पासपोर्ट खिडकीपुढे रांग लावावी लागते. अशा वेळी गटाने एकत्र उतरावे, एकत्र रांगेत राहावे आणि सर्वांचे शिक्के होईपर्यंत कोणीही एकट्याने परत गाडीत जाऊ नये. गरम कपडे आणि बूट हाताशी ठेवावेत, कारण झोपेतून उठून फलाटावर उभे राहिल्यावर थंडी दुप्पट वाटते.

चीन आणि मंगोलिया यांच्या सीमेवर गाडी थांबण्याचे आणखी एक कारण असते. चीनच्या रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर आहे आणि मंगोलियाच्या रुळांमधील १५२० मिलिमीटर, त्यामुळे एरेनहोत येथे डबे वर उचलून त्यांच्या खालचे चाकांचे सांगाडे बदलावे लागतात. हे काम तासन्‌तास चालते आणि त्या काळात शौचालयांना कुलूप असते. सीमेवर दीर्घ थांबा असलेल्या कोणत्याही गाडीत हे होऊ शकते, म्हणून सीमा येण्याच्या अर्धा तास आधी सर्वांनी शौचालयाला जाऊन यावे, विशेषतः मुलांना नेऊन आणावे.

व्हिसा पाहताना गाडीचा मार्ग नकाशावर बोट ठेवून तपासावा. गाडीतून खाली पाऊल न ठेवतादेखील एखाद्या देशात प्रवेश होतो आणि त्यासाठी पारगमन व्हिसा लागू शकतो. शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येणारा मार्ग असेल तर एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. गटातील माणसांकडे वेगवेगळ्या देशांचे पासपोर्ट असतील तर प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा.

सामान

प्रत्येकाच्या सामानाची दोन भागांत विभागणी करावी : एक मोठी बॅग, जी सकाळपर्यंत उघडायची नाही, आणि एक लहान पिशवी, जी बर्थवर सोबत राहील. लहान पिशवीत पासपोर्ट, पैसे, औषधे, पाण्याची बाटली, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी, दात घासायचे सामान, पॉवर बँक आणि सहज पायात सरकवता येतील अशा चपला असाव्यात. जुन्या कुशेट डब्यांत प्रत्येक बर्थजवळ प्लग नसतो. सहा माणसांत एखादाच असेल तर त्यावरून रात्री वाद नको.

मोठ्या बॅगा खालच्या बर्थखाली किंवा दाराच्या वर, मार्गिकेच्या छतावर असलेल्या पोकळीत जातात. टणक कवचाची मोठी सूटकेस बर्थखाली बहुधा जात नाही. म्हणून चार जणांत एखाद-दोनच अशा बॅगा असाव्यात. कंपार्टमेंटमध्ये सर्वांनी एकदम शिरू नये. आधी दोघांनी आत जावे, बाकीच्यांनी बॅगा आत द्याव्यात आणि सामान लागल्यावर मगच इतरांनी यावे. ज्यांना आधी उतरायचे आहे त्यांच्या बॅगा शेवटी लावाव्यात. हे वाचायला क्षुल्लक वाटते, पण सहा जणांनी एकाच वेळी आत शिरून बॅगा फिरवायला सुरुवात केली की पुढे काय होते हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

फलाटावर

गाडी सुटण्याच्या किमान पाऊण तास आधी गट स्थानकावर असावा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील मोठ्या स्थानकांवर फलाट अ, ब, क अशा भागांत विभागलेला असतो. अर्थात तेथील पाट्यांवर ही अक्षरे रोमन लिपीत असतात. कोणता डबा कोणत्या अक्षरापाशी लागेल हे फलाटावरील तक्त्यावर किंवा पडद्यावर दिसते. डब्यांचे क्रमांक एक, दोन, तीन असे ओळीने असतीलच असे नाही. वेगवेगळ्या शहरांना जाणाऱ्या डब्यांचे क्रमांक वेगळ्या शंभरात असू शकतात. चुकीच्या टोकाला चढून आतून चालत जाण्याचा विचारही करू नये, कारण सामान घेतलेला गट अरुंद मार्गिकेत अडकला की मागचे-पुढचे सगळेच अडकतात.

चढण्याआधी माणसे मोजावीत. प्रत्येकाला एक क्रमांक देऊन क्रमाने उच्चारायला सांगणे ही शाळकरी पद्धत वाटली तरी गर्दीत तीच चालते.

रात्र

खालचे बर्थ गुडघेदुखी असणाऱ्यांना, गरोदर स्त्रियांना, वयस्करांना आणि रात्री वारंवार उठावे लागणाऱ्यांना द्यावेत. वरचा बर्थ शांत असतो, पण तेथे उष्णता साचते; ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांना तेथे ठेवू नये. मुलांना वर झोपवायचे असेल तर बर्थला संरक्षक पट्टा आहे का ते पाहावे. गटातील घोरणारी माणसे कोण हे सर्वांना ठाऊक असते. त्यांना एकाच कंपार्टमेंटमध्ये टाकणे हा त्यांच्यावर अन्याय नसून इतरांवर उपकार आहे, आणि आमच्या गटात तरी त्यांनी तो हसत मान्य केला आहे.

बर्थ लावून देणे हे अनेक गाड्यांत अटेंडंटचे काम असते, म्हणून आपण घाईने खटपट करून एखादी खिटी मोडू नये. दाराला आतून दोन अडसर असतात, एक चावीने बाहेरून उघडता येणारा आणि दुसरा फक्त आतून उघडणारा. झोपताना दोन्ही लावावेत आणि रात्री कोणी बाहेर गेले तर परत आल्यावर दार कसे ठोठावायचे हे ठरवून ठेवावे. अटेंडंट असल्याचे सांगून कोणी दार ठोठावले तर दुसरा अडसर न काढता आधी फटीतून पाहून घ्यावे. थायलंडप्रमाणे पडदेच असलेल्या डब्यात लहान पिशवी उशाशी किंवा भिंतीच्या बाजूला ठेवावी, पायाशी नाही.

गप्पा एका कंपार्टमेंटमध्ये, दार लावून आणि दहापर्यंत. चीनच्या गाड्यांत दहाच्या सुमारास मुख्य दिवे बंदच होतात. इतरत्र सांगायला कोणी येत नाही, पण भिंती पातळ असतात आणि शेजारी दुसऱ्या दिवशी कामावर जाणारे प्रवासीही असतात. थायलंडच्या गाड्यांत मद्यपानावर २०१४ पासून बंदी आहे. आपल्या कंपार्टमेंटमध्ये एखादा अनोळखी प्रवासी आला असेल तर त्याला बर्थ निवडण्याचा हक्क तिकिटाने दिलेला आहे. गटाची संख्या मोठी म्हणून त्याला वर ढकलू नये. अदलाबदल हवी असेल तर विनंती करावी आणि नकार आल्यास विषय सोडून द्यावा.

मधल्या स्थानकांवर गाडी वीस मिनिटे उभी राहिली तरी मोकळ्या हवेसाठी खाली उतरू नये. डबे जोडताना गाडी सूचना न देता पुढे-मागे हलते आणि फलाट बदलू शकते.

घड्याळाकडेही एकदा पाहावे. सीमा ओलांडताना वेळ एक तासाने बदलत असेल तर मोबाइल ती आपोआप बदलतो, पण साधे गजराचे घड्याळ बदलत नाही. युरोपात मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे पुढे-मागे होतात. ऑक्टोबरात त्या रात्रीच्या गाड्या वेळापत्रक पाळण्यासाठी एखाद्या स्थानकावर तासभर थांबवल्या जातात, तर मार्चमध्ये त्या उशिरा पोहोचतात. गजर प्रत्येक कंपार्टमेंटमध्ये किमान दोघांनी लावावा आणि तो उतरण्याच्या वेळेच्या एक तास आधीचा असावा.

सकाळ

बहुतेक शयनयानांत अटेंडंट उतरण्यापूर्वी उठवतो आणि भाड्यात समाविष्ट असेल तर नाश्ता देतो. नाइटजेटच्या शयनवर्गात संध्याकाळीच एक यादी मिळते आणि तीतून सहा पदार्थ निवडायचे असतात. ती भरून परत देण्याचे विसरले की सकाळी उपास घडतो. शौचालयासाठी रांग लागते, त्यामुळे एका कंपार्टमेंटमधील सर्वांनी एकदम न उठता दोन-दोनच्या जोडीने उठावे. चादरी झटकून पाहाव्यात, कारण चश्मे, कर्णयंत्रे आणि चार्जर तेथेच राहतात.

गाडी पहाटे सहाला पोहोचते आणि हॉटेलची खोली दुपारी मिळते, या मधल्या वेळाचा विचार आधी केलेला असावा. हॉटेलला सामान ठेवून घेण्याविषयी आधी कळवावे, नाहीतर स्थानकावरील लॉकरची सोय पाहून ठेवावी. काही स्थानकांवर पैसे भरून अंघोळही करता येते. त्या दिवशी सकाळी ठरावीक वेळेचे प्रवेशतिकीट घेऊ नये आणि पुढची गाडी किंवा विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये निदान तीन तास ठेवावेत. रात्रीच्या गाड्यांना रुळांच्या देखभालीमुळे वळसे घ्यावे लागतात आणि उशीर होतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार पोहोचण्यास साठ ते ११९ मिनिटे उशीर झाल्यास भाड्याच्या पंचवीस टक्के आणि १२० मिनिटांपासून पुढे पन्नास टक्के भरपाई मागता येते. उशीर अतितीव्र हवामानासारख्या असाधारण कारणाने झाला असेल तर ती मिळत नाही. भरपाईचा अर्ज प्रत्येक आरक्षणासाठी वेगळा करावा लागतो, म्हणून तिकिटे सहल संपेपर्यंत जपून ठेवावीत, आणि गाडी प्रत्यक्ष किती वाजता पोहोचली याची नोंद फलाटावरील घड्याळाच्या छायाचित्राने करून ठेवावी.